सार्वजनिक आरोग्याचे विद्यापीठीय शिक्षण

एकेका रुग्णावर उपचार करण्याऐवजी सगळ्या वस्तीचे आरोग्य कसे राखायचे, साथ कशी ओळखायची आणि आरोग्यसेवा कशी चालवायची, हे काम पेशा म्हणून करू इच्छिणाऱ्यांसाठीचे शिक्षण. भारतात त्याची मुख्य पदवी ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ अर्थात एमपीएच. अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा असतो. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग यांच्या पदवीधरांबरोबर अनेक ठिकाणी विज्ञान आणि समाजकार्याच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. एमपीएच झाल्याने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हे प्रवेश घेण्याआधीच लक्षात घ्यावे. डॉक्टरांसाठी असलेली कम्युनिटी मेडिसिनमधील एमडी ही वेगळी वाट आहे.

या विद्येचा गाभा अपूर्णांकाच्या छेदात आहे. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला अंश दिसतो, म्हणजे दाराशी आलेले रुग्ण. ते किती माणसांमधून आले, म्हणजे छेद, आणि घरीच राहिलेले किती, हे तिथून दिसत नाही. समजा, ६,००० वस्तीच्या गावात काविळीचे ३० रुग्ण आहेत आणि शेजारच्या ६०० वस्तीच्या वाडीत १२. चर्चा तिसांचीच होणार. पण गावातले प्रमाण हजारी ५ आहे आणि वाडीतले हजारी २०. पथकाने आधी वाडी गाठायला हवी. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी हे दोन विषय विद्यार्थ्याची ही नजर घडवतात. त्यांच्या जोडीला आरोग्य-अर्थशास्त्र, पोषण, पर्यावरण, सामाजिक शास्त्रे, कार्यक्रम व्यवस्थापन आणि संशोधनातील नीती असे विषय असतात.

वर्गातले हे गणित प्रत्यक्षात उतरते ते क्षेत्रकार्यात. काविळीच्याच साथीत विद्यार्थी आशाताई आणि आरोग्यसेवकाबरोबर घरोघर फिरतो आणि लाइन लिस्ट भरतो : नाव, वय, घर, लक्षणे कधी सुरू झाली, पिण्याचे पाणी कुठले. मग हाताने काढलेल्या नकाशावर रुग्णांची घरे मांडली की ठिपके बहुधा एका विहिरीभोवती किंवा नळाच्या एका फाट्यावर गोळा होतात. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती कॉलऱ्याचे मृत्यू मांडले, ती रीत आजही हीच आहे. पुढे नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर परीक्षानळीत पिवळा रंग येतो. रंग आला नाही की प्रश्नांची साखळी सुरू होते. पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली होती का? टाकली असेल तर पोते किती दिवस उघडे पडले होते? उघड्या हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो, आणि मग नोंदवहीत शुद्धीकरण झालेले दिसते पण पाणी तसेच राहते. नोंदवही आणि परीक्षानळी यांतले हे अंतर ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो पुढे कुठलाही तक्ता नुसता पाहून मान्य करत नाही.

छेद शोधण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परतून गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची, त्यांना त्रास असो वा नसो, तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदींत हे दुखणे कधीच दिसले नसते, कारण ते सोसणाऱ्या बाया दवाखान्यात आल्याच नव्हत्या. पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. एवढ्या दूरच्या वर्गातले शिक्षण या दोन जोडप्यांनी दुष्काळी आणि आदिवासी मुलखात रुजवले, याचे मोल कितीही सांगितले तरी कमीच.

या विषयाची स्वतंत्र विद्यालये तशी अलीकडची. जॉन्स हॉपकिन्सचे विद्यालय १९१६ मध्ये स्थापन झाले, तर कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था १९३२ मध्ये. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये डॉक्टरांना ‘सामाजिक वैद्य’ बनवण्याचा आग्रह धरला. पण नंतर कित्येक दशके हे शिक्षण प्रामुख्याने डॉक्टरांपुरतेच राहिले. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये एमपीएच सुरू केले. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सैनिक घरात घुसून झडत्या घेत होते आणि लोक रोगी लपवत होते. एकाच शहरात, एकाच साथीत, सेवेची आणि सक्तीची ही दोन रूपे लोकांनी पाहिली. सामाजिक शास्त्रे आणि नीती हे विषय तोंडी लावण्यापुरते समजणाऱ्या विद्यार्थ्याने प्लेगचा हा इतिहास आवर्जून वाचावा.

पदवीनंतर कामे अनेक प्रकारची मिळतात : जिल्हा पातळीवर साथरोगतज्ज्ञ किंवा कार्यक्रम समन्वयक, महापालिकांचे आरोग्य विभाग, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था. अडचण नेमणुकीची आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदे कंत्राटी, अकरा महिन्यांच्या करारावर असतात, आणि तालुका व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीसाठी वैद्यकीय पदवी लागते. साथीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस करार वाढेल का या चिंतेत राहणे, हे जिल्ह्याचेच नुकसान आहे. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ पासून आहे आणि या कामाच्या सरकारी अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्गही आहे. असा संवर्ग इतर राज्यांनीही उभारावा यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

संस्था निवडताना शुल्क आणि नोकरीची आकडेवारी सगळेच पाहतात. त्याबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात : क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे असते, आणि प्रबंधासाठी माहिती विद्यार्थी स्वतः गावात किंवा वस्तीत जाऊन गोळा करतात की तयार माहितीवर भागवतात.