सागवानी खिडक्यांची दुरुस्ती

वाडे, चाळी आणि जुन्या बंगल्यांतील सागवानी खिडक्या न बदलता त्यांचे सांधे, लाकूड व तावदाने पुन्हा वापरायोग्य करण्याचे काम. थोडीफार सुतारकी येणाऱ्याला ते घरी जमते. त्यासाठी फेब्रुवारी ते मे हा काळ बरा.

भर पावसात झडप अडकते म्हणून तिच्यावर रंधा मारणे हीच सर्वाधिक होणारी चूक. ओल शोषून लाकूड रुंदीत फुगते. दिवाळीनंतर आकसले की तीच झडप खडखडू लागते. झडप बाराही महिने खाली घासत असेल, तर तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर दोष बिजागरीचा: स्क्रूच्या सैल भोकात सागाची काडी गोंद लावून ठोकावी, वाळल्यावर नवे बारीक भोक पाडून पितळी स्क्रू बसवावा. कर्णांत फरक असेल तर कूस (सांध्यात खोबणीत बसणारे लाकडाचे टोक) ढिली झाली आहे. सांधा उकलून जुना सरस खरवडावा, पाण्याला टिकणारा गोंद लावावा आणि कर्ण जुळवून झडप २४ तास शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळून ठेवावी.

कूज बहुधा खालच्या आडव्या पट्टीत सुरू होते, कारण पाणी तिथेच साचते. स्क्रूड्रायव्हर रुतायचा थांबेल तिथपर्यंत लाकूड कापून जुन्या सागाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडावा. कुजक्या भागावर नुसती लांबी (खडू व तेलाची पुटी) थापली तर ओल आत कोंडते आणि कूज वाढत जाते.

जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा भारतात २०१७ मध्ये लागू झाली. म्हणून कोरडा पॉलिश पेपर चालवू नये. पाणी मारून, मास्क लावून घासावे.

काच खाचेपेक्षा लांबी-रुंदीत ३ मिमी लहान कापावी. १ किलो खडूच्या पुडीला साधारण १८० ग्रॅम जवसाचे तेल घालून कणकेसारखी लांबी मळावी. खाचेला आधी तेलाचा हात द्यावा. कोरडे लाकूड लांबीतले तेल ओढून घेते आणि ती वर्षभरातच तडकून गळते. काच चुकांनी (बारीक खिळ्यांनी) धरून लांबी भरावी, दोनेक आठवड्यांनी साय धरली की रंगवावे. रंग काचेवर २ मिमी चढू द्यावा, म्हणजे फटीत पाणी शिरत नाही.

गोव्यातील शिंपल्यांच्या तावदानांना मात्र लांबी लागत नाही. चौकोनी कापलेले शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात.