गिरणगाव

मुंबईच्या मध्य भागातील कापडगिरण्यांचा व त्यांच्या कामगारवस्तीचा पट्टा. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी व प्रभादेवी हे भाग यात सामान्यतः धरतात. त्याला सरकारी हद्द कधीच नव्हती. भोंगा ऐकून कामगार जेथून पायी गिरणीत पोहोचू शके तेवढा परिसर, ही व्याख्या ढोबळ असली तरी रोजगार, वस्ती व जमीन यांचा संबंध तिच्यातूनच नीट कळतो.

पहिल्या गिरणीचे साल १८५४ की १८५६, याबाबत संदर्भग्रंथांत फरक आढळतो. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली; प्रत्यक्ष सूत १८५६ मध्ये निघू लागले. भांडवलाचा इतिहास लिहिणारे पहिले साल घेतात. रोजगाराच्या दृष्टीने दुसरे अधिक ग्राह्य वाटते. गिरण्या कोट (फोर्ट, जुन्या तटबंदीतील शहर) भागाबाहेर परळकडे सरकल्या, कारण तेथे जमीन स्वस्त होती आणि लोहमार्ग व बंदर जवळ होते. कोळसा, कापूस व बाष्पयंत्राला लागणारे पाणी या तिन्हींची सोय पाहावी लागे. त्यासाठी आवारात तळेही असे.

कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर या जिल्ह्यांतून व उत्तर हिंदुस्थानातून आले. भरती जॉबरच्या, म्हणजे मजूर आणून त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे. बदली कामगाराला (गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्याला) पाळीच्या वेळी फाटकावर हजर राहूनच काम मिळे, म्हणून तो लांब राहू शकत नसे. एक खोली आठ-दहा जण भाड्याने घेत व पाळीप्रमाणे झोपत, जेवण खाणावळीत. कुटुंब गावीच राही. १९२१ च्या जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया साधारण सव्वापाचशेच होत्या, त्याचे हे एक मोठे कारण. विणाई खात्यात दलितांना काम मिळत नसे. धोट्यातील (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातील) सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे व तेथे विटाळ मानला जाई. त्यामुळे त्यांची भरती कमी मजुरीच्या सूतकताई खात्यांत झाली.

मुंबईची १८९१ ची ८,२१,७६४ ही लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. १८९६ च्या प्लेगने माणसे दगावली व गावी पळालीही. जनगणना दोन्हींत भेद करत नाही. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली. १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) चाळी उभ्या राहिल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही. रोजगार गेल्यावरही वस्ती जागेवर राहिली ती यामुळे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. ऱ्हासाचे खापर संपावर फोडण्याची रीत आहे. परंतु भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग त्याआधीच स्वस्त कापड काढत होते व गिरण्यांत नवी यंत्रे येत नव्हती. संपाने प्रक्रिया वेगवान केली, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

पुढचा वाद जमिनीचा. ५८ गिरण्यांकडे सुमारे ६०० एकर होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) व उरलेली मालकाला मिळायची. ५ हेक्टरपर्यंत हे प्रमाण ३३, २७ व ४० टक्के, तर १० हेक्टरपुढे ३३, ३७ व ३० टक्के होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. येथे गिरणीची बांधणी निर्णायक ठरली. उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या करवती छपरांच्या शेड बैठ्या व पसरट असत; आवाराचा बराचसा भाग त्यांनीच व्यापलेला असे. समजा आवार ६०,००० चौ.मी. व त्यात शेड ४५,००० चौ.मी. आहेत. शेड पाडून सगळ्याची वाटणी केल्यास महापालिकेला १९,८०० चौ.मी. मिळतात, केवळ मोकळी जागा धरल्यास ४,९५० चौ.मी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पहिला अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

शेडच्या जागी कार्यालये, मॉल व मनोरे आले. नवा नोकरदार मात्र चाळीतला नव्हे. तो कल्याण-विरारकडून लोकलने येतो. पायी येणाऱ्या कामगारांच्या काळातील अरुंद जिने व पूल या गर्दीस अपुरे पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांसाठी २२५ चौ. फुटांची घरे बांधली गेली. त्यांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली.