पार्श्वभूमी : डिफॉल्ट ब्राउझर बदलणे इतके किचकट कसे झाले

लिंक किंवा वेबपान उघडायला संगणक आपोआप जो ब्राउझर वापरतो, तो डिफॉल्ट ब्राउझर. खानदेशात संगणक गल्लोगल्ली पोचला तो विंडोज एक्सपीच्या काळात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुळवून आणलेल्या यंत्रात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर आधीपासूनच असायचा, आणि तेच इंटरनेट असे बहुतेकांना वाटायचे. हा ब्राउझर विंडोजला जोडून देण्यावरून अमेरिकेत १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला उभा राहिला, २००१ मध्ये तडजोड झाली आणि त्या तडजोडीमुळे २००२ साली एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे सुधारणांच्या संचात, आपल्या पसंतीचे प्रोग्राम ठरवण्याचे सेटिंग आले.

आपल्याकडे त्या सेटिंगचा फारसा उपयोग झाला नाही. कारण होते मराठी. तेव्हा अनेक वृत्तपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नव्हत्या. त्यांचा फॉन्ट पानासोबत आपोआप उतरायचा, पण तो एक्सप्लोररमध्येच. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची पहिली आवृत्ती आली, पण त्यात अशी बातमी उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण गेली. ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांच्या कार्यालयांत मात्र एक्सप्लोरर पुढेही टिकला, कारण डिजिटल सही अॅक्टिव्हएक्स (एक्सप्लोररमध्येच चालणारे जोडतंत्र) किंवा जावावर चालायची आणि क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावाचे प्लगइन पूर्ण बंद केले.

खरा वादाचा निर्णय २०१२ चा, विंडोज ८ सोबत आलेला. विंडोज ७ पर्यंत ब्राउझर विचारायचा, 'मला डिफॉल्ट करायचे का?' आपण 'हो' म्हटले की तो स्वतःच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नोंद करायचा आणि काम संपायचे. या मोकळीकीचा गैरवापर झाला, हे सायबर कॅफे चालवलेला कोणीही सांगेल. फुकटचा व्हिडिओ प्लेअर टाकला की त्याच्यासोबत टूलबार यायचा, मुखपृष्ठ बदलायचे, शोध भलत्याच साइटवर जायचा. म्हणून विंडोज ८ मध्ये निवडीच्या नोंदीला एक हॅश, म्हणजे पडताळणीचा सांकेतिक शिक्का, जोडला गेला. तो वापरकर्त्याच्या ओळखीसह इतर तपशिलांवरून काढला जातो आणि जुळला नाही तर विंडोज ती नोंद मानत नाही. हॅश काढायची रीत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली नाही. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ब्राउझरच्या हाती एवढेच उरले, की वापरकर्त्याला सेटिंगच्या पानापर्यंत नेऊन सोडायचे.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नव्हता. पण कुलूप लावणाराच त्या घरातला एक भाडेकरू होता, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाही ब्राउझर होता, हे विसरून चालणार नाही. विंडोज १० वर अपग्रेड करताना 'एक्सप्रेस' पर्याय घेतला की जुनी निवड पुसून मायक्रोसॉफ्टचा नवा ब्राउझर एज डिफॉल्ट व्हायचा. फायरफॉक्सच्या प्रमुखांनी जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला खुले पत्र लिहून याचा निषेध केला. चोराला रोखणारे कुलूप मालकाच्या मर्जीने उघडत असेल, तर त्याला निव्वळ सुरक्षा म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ ने यावर कडी केली. एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी, एचटीटीपीएस अशा वेबपाने आणि लिंकच्या प्रत्येक प्रकारासाठी ब्राउझर वेगळा निवडायचा. माहीतगार माणसालाही हे कंटाळवाणे. ज्याने कधी सेटिंग उघडलेले नाही तो तिथेच नाद सोडणार. त्याच वर्षी फायरफॉक्सने हॅशची रीत शोधून काढली आणि एका क्लिकची सोय परत आणली. टीका वाढली तेव्हा मार्च २०२२ च्या एका ऐच्छिक अपडेटमध्ये 'सेट डिफॉल्ट' हे बटण आले. २०२४ मध्ये बाहेरून रजिस्ट्री बदलू पाहणाऱ्या प्रोग्रामना अडवणारा एक ड्रायव्हरही, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, दाखल झाला.

बटण आले तरी घोळ संपलेला नाही. अमळनेर-पारोळ्याकडच्या सेवा केंद्रात हे रोज दिसते. शेतकरी काउंटरवर टेकून म्हणतो, "भाऊ, मना सातबारा काढी दे." केंद्रचालक क्रोममधून पंधरा रुपयांचा डिजिटल सातबारा उतरवतो, फाइलवर डबल क्लिक करतो आणि ती एजमध्ये उघडते. प्रिंटची नेहमीची सवय तिथे कामी येत नाही. मागे दहा माणसे उभी. क्रोम डिफॉल्ट करूनही असे होते, कारण ते बटण वेबपाने आणि लिंकपुरते होते. पीडीएफची निवड वेगळी करावी लागते. 'डिफॉल्ट अॅप्स'मध्ये वरच्या शोधपट्टीत .pdf टाइप करून तिथे ब्राउझर किंवा पीडीएफ रीडर बदलला की हा त्रास थांबतो. हे दोन मिनिटांचे काम प्रत्येक केंद्राने करून ठेवावे.

युरोपात चित्र वेगळे आहे. तिथल्या नियामकांच्या दबावामुळे मार्च २०१० पासून विंडोजवर बारा ब्राउझरांची यादी दाखवली जाऊ लागली. विंडोज ७ च्या एका सर्व्हिस पॅकमध्ये ती वर्षाहून अधिक काळ दिसलीच नाही, म्हणून २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. अलीकडच्या कायद्यानंतर तिथे एज काढून टाकता येतो आणि विंडोजच्या स्वतःच्या भागांतून उघडणाऱ्या लिंकही वापरकर्त्याने निवडलेल्या ब्राउझरकडे जातात. ही सवलत युरोपातल्या यंत्रांपुरती आहे. धुळ्यात क्रोम किंवा फायरफॉक्स डिफॉल्ट करून ठेवला, तरी टास्कबारच्या शोधातून उघडलेले वेबपान एजमध्येच जाते.