लोनवर गेलेला मिडफिल्डर आणि फ्रीमध्ये सुटलेला मिडफिल्डर

फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एखाद्या मिडफिल्डरच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या, कारकिर्दीचा तक्ता उघडला, की क्लबांच्या नावांची रांगच दिसते. काहींपुढे ‘लोन’ लिहिलेलं असतं, काहींपुढे ‘फ्री ट्रान्सफर’. दोन्हींत मोठी रक्कम हातोहात गेलेली नसते आणि दोन्हींत खेळाडू नवी जर्सी घालतो. त्यामुळे शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालकसुद्धा सहज बोलून जातात, ‘लोनवर पाठवला म्हणजे क्लबला नकोसा झाला’ आणि ‘फ्रीमध्ये गेला, मोकळा झाला, बरं झालं.’ खालच्या डिव्हिजनमध्ये बहुतेक वेळा परिस्थिती याच्या नेमकी उलट असते.

लोनमध्ये खेळाडूचा करार मूळ क्लबशीच राहतो. तो फक्त काही काळ दुसरीकडे खेळतो. पगार कोणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसांत ठरवतात. मध्येच परत बोलावण्याची अट असू शकते, मुदतीनंतर कायमचा विकत घेण्याचीही असू शकते. मुदत संपली की पोरगा आपल्या जुन्या ड्रेसिंग रूममध्ये परत येतो. प्रीमियर लीगमध्ये तर लोनवरचा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध खेळूच शकत नाही, इतका तो त्यांचा असतो.

मिडफिल्डरच्या बाबतीत लोनला जास्तच अर्थ आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या तीन डिव्हिजनमध्ये प्रत्येकी २४ संघ आहेत, म्हणजे लीगचेच ४६ सामने. हवेतून येणारा चेंडू, त्यावरची दुसरी झटापट, पाठीवर सतत प्रतिस्पर्धी. मधल्या फळीत उभं राहून हे सगळं सोसायला अकादमीचे सामने शिकवत नाहीत. डेव्हिड बेकहॅम १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून प्रेस्टनला लोनवर गेला, तेव्हा प्रेस्टन चौथ्या पातळीवर होतं. पाच सामने, दोन गोल, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. युनायटेडला तो नकोसा झाला नव्हता. त्याला मोठ्यांच्या सामन्यांची सवय व्हावी म्हणून पाठवला होता.

पुण्यालाही याचा अनुभव आहे. एफसी पुणे सिटीने २०१६ मध्ये आशिक कुरुनियनला स्पेनच्या व्हियारियालच्या ‘सी’ संघाकडे लोनवर पाठवलं. तो संघ स्पेनच्या खालच्या लीगमध्ये खेळायचा. आशिक परत आला आणि २०१७-१८ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) पुण्याकडूनच उतरला. परतीचं दार उघडं होतं, कारण करार इथला होता.

फ्री ट्रान्सफरमध्ये असं दार नसतं. करार संपलेला असतो किंवा दोघांनी मिळून मोडलेला असतो, आणि खेळाडू कोणाचाच नसतो. २०११ मध्ये इटलीचा नामांकित मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो मिलानचा करार संपवून युव्हेंटसला फ्रीमध्ये गेला, त्याची मिसाल सगळे देतात. पण पिर्लोच्या मागे क्लब लागतात. लीग टूमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरच्या, सत्तावीस वर्षांच्या मिडफिल्डरचं तसं नसतं. हंगाम संपला की क्लब कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची यादी जाहीर करतो. यादीत ‘सोडलेले’मध्ये नाव आलं, की साधारण ३० जूननंतर पगार बंद. तक्त्यात पुढे ‘फ्री ट्रान्सफर’ एवढंच उमटतं. मधले ट्रायलचे आठवडे कुठेच दिसत नाहीत. मला हे दोन शब्द एका मापाने वाचले जातात याचं खरंच वाईट वाटतं.

अर्थात ही मोकळीकसुद्धा फुकट मिळालेली नाही, आणि ती मिळवून देणारा खेळाडू मिडफिल्डरच होता. बेल्जियमच्या आरएफसी लिएजमध्ये खेळणाऱ्या ज्याँ-मार्क बॉसमनचा करार १९९० मध्ये संपला. क्लबने देऊ केलेला नवा पगार होता महिना ३०,००० बेल्जियन फ्रँक, आधीच्या एक चतुर्थांश. त्याने नाही म्हटलं आणि फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या डंकर्कशी बोलणी केली. करार संपलेला असूनही लिएजला मोबदला हवा होता, कारण तेव्हाचा नियमच तसा होता. गंमत म्हणजे शेवटी दोन क्लबांत ठरला तो एक वर्षाचा तात्पुरता ट्रान्सफर, म्हणजे जवळपास लोनच! त्याचे १२ लाख फ्रँक, आणि पुढे कायमचा घ्यायचा तर ४८ लाख. डंकर्क पैसे देऊ शकेल का याची लिएजला शंका आली, ट्रान्सफरसाठी लागणारं प्रमाणपत्र पाठवण्याची विनंतीच त्याने बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाला केली नाही, आणि बॉसमन तसाच अडकला. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १५ डिसेंबर १९९५ चा निकाल सांगतो, की करार संपलेला, युरोपीय संघातल्या देशाचा नागरिक असलेला खेळाडू युरोपीय संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जात असेल, तर जुन्या क्लबला त्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. करार संपलेल्याला लोनवर ‘देण्याचा’ प्रश्नच त्यामुळे उरला नाही.

कधी दोन्ही प्रकार एकाच व्यवहारात गुंतलेले दिसतात, तिथे गोंधळ होणं समजू शकतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉटनहॅमने लीग वनमधल्या (इंग्लंडची तिसरी पातळी) एमके डॉन्सचा मिडफिल्डर डेले अॅली सुमारे ५० लाख पाउंडांना विकत घेतला आणि हंगाम संपेपर्यंत त्याच एमके डॉन्सला लोनवर परत दिला. मैदान तेच, जर्सी तीच, पण मालकी बदललेली.

इंग्लंडमध्ये आणखी एक बारीक नियम आहे. खेळाडू २४ वर्षांखालचा असेल आणि करार संपताना जुन्या क्लबने त्याला योग्य नवा करार देऊ केला असेल, तर तो गेल्यावर क्लबला नुकसानभरपाई मिळू शकते. म्हणजे तिथे ‘फ्री’ पूर्ण फ्री नसतं. आणि लोनचाही आधार मूळ क्लब टिकेल तेवढाच. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या भारताच्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आलेला पुणे एफसी आज सिनियर लीगमध्ये नाही, आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला.

तेव्हा तक्ता वाचताना ‘लोन’च्या ओळीनंतर तोच मूळ क्लब पुन्हा येतो का ते बघा, आणि ‘फ्री’च्या ओळीआधी जून आणि पुढच्या क्लबच्या तारखेत किती महिने गेले ते मोजा. एखाद्या पुणेकर पोराच्या हातात बाहेरच्या क्लबचा कागद आला, तर सहीआधी विचारा: पुढच्या जुलैत याचा पगार कोण देणार?