हेडसेटच्या आधी नळ बंद केला होता : ओसीडी आणि व्हीआर थेरपीची पार्श्वभूमी

व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर कॉम्प्युटरने बनवलेलं जग उभं करणारा) घालून ओसीडी, म्हणजे नको ते विचार परत परत येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, बरा होतो असे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे ते लगेच विचारायला लागतात की हे नाशिकला मिळतं का. म्हणून हे सगळं आलं कुठून ते लिहितोय, कारण हेडसेट हा या गोष्टीतला शेवटचा भाग आहे, मूळ उपचार साठेक वर्षं जुना आहे.

१९५०-६० च्या काळात ओसीडी म्हणजे फारसा बरा न होणारा आजार असंच बहुतेक डॉक्टर धरून चालायचे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पुस्तक लिहून भीती हळूहळू कमी करायची पद्धत मांडली, पेशंटला रिलॅक्स करायचं आणि भीतीची गोष्ट मनात आणायला लावायची. फोबियाला ती चांगली लागू पडली, ओसीडीला मात्र फारशी नाही. मग १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी दोन पेशंटची माहिती छापली. त्यातल्या एका बाईंना घाणीची भीती, दिवसभर धुणं-पुसणं चालायचं. मेयर यांनी काय केलं, तर त्यांच्या खोलीतला नळच बंद करून टाकला, साबण वगैरे मोजून द्यायचं, नर्स सोबत बसणार, आणि ज्या वस्तूंची भीती त्याच हातात द्यायच्या. ऐकायला कठोर वाटतं, पण त्या सुधारल्या. १९७४ पर्यंत अशा १५ पेशंटची नोंद झाली, त्यातले १० खूपच सुधारले होते. पुढे लंडनलाच रॅकमन, हॉजसन, मार्क्स आणि अमेरिकेत एडना फोआ यांनी ही पद्धत पक्की केली, तीच आजची ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन), म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही.

यामागचं काम कसं चालतं ते समजून घ्या. गॅस बंद केला का अशी शंका आली की माणूस उठून नॉब बघतो, जीवाला बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बघितलं म्हणून वाचलो, म्हणून दहा मिनिटांनी परत शंका. न बघता बसून राहिलं तर घालमेल वाढते, पण काहीही न करता तिच्यासोबत राहता येतं आणि बहुतेक वेळा ती आपोआप उतरते, हे शिकणं म्हणजेच उपचार.

अडचण अशी की डॉक्टरची केबिन कॉलेज रोडला आणि भीती सीबीएस बसस्टँडच्या स्वच्छतागृहात, नाहीतर गंगेवर (गोदावरीच्या घाटावर) गर्दीत कोणाचा ओला कपडा अंगाला लागला तेव्हाची. दरवेळी थेरपिस्ट तिथे कसा येणार, आणि खरं करायचं म्हटलं की बरेच जण पहिल्याच पायरीला नाही म्हणतात. इथे व्हीआर उपयोगाला आलं.

डोक्यावर घालायचा डिस्प्ले इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखवला होता, पण उपचारात तो आला १९९५ च्या आसपास, अटलांटात बार्बरा रोथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीची भीती असलेल्यांना कॉम्प्युटरमधल्या पुलांवर, बाल्कनीत, काचेच्या लिफ्टमध्ये नेलं. उंची सगळ्यांना सारखीच, एक पूल बनवला की शंभर जणांना चालतो. ओसीडीचं तसं नाही, पंचवटीतल्या एकाला देवाच्या ताटाला कुणाचा हात लागल्याचा त्रास, सातपूरला कामाला जाणारा दुसरा कंपनीच्या गेटवरून कुलूप बघायला परत घरी. प्रत्येकाला वेगळी खोली बनवायची म्हणजे खर्च, शिवाय स्पर्श आणि वास हेडसेटमध्ये येत नाही. त्यामुळे ओसीडीची पाळी उशिरा आली. २००८ च्या सुमारास दक्षिण कोरियात तपासण्याच्या सवयीसाठी व्हर्च्युअल जागा बनवून बघितल्या, २०१६ मध्ये कॅनडातल्या क्विबेकच्या टीमने घाणेरडं सार्वजनिक स्वच्छतागृह बनवून तीन पेशंटवर पूर्ण उपचार करून बघितले. त्याच सुमारास स्वस्त हेडसेट बाजारात आल्यामुळे हे लॅबच्या बाहेर पडलं.

खोटं आहे हे माहीत असून घाबरेल कोण असं वाटेल, पण ओसीडीत बहुतेक वेळा आपली शंका अवास्तव आहे हे माणसाला आधीच कळत असतं, तरी पोटात गोळा येतोच. म्हणूनच चित्रातला नळही पुरतो. धोका वेगळा आहे, पेशंट मनात 'खोटंच आहे, खोटंच आहे' म्हणत बसला तर तेही हात धुण्यासारखं एक कर्मकांडच झालं, आणि सेशन संपल्यावर घरी येऊन अर्धा तास हात धुतले तर मेयर यांचा अर्धा उपचार राहूनच गेला.

ओसीडीवरचे व्हीआरचे अभ्यास अजून छोटे आहेत, त्यामुळे साध्या ईआरपीपेक्षा हे भारी असं कोणी सांगत असेल तर थांबा. नाशिकमध्ये फोन करून चौकशी करताना हेडसेट आहे का हे नंतर विचारा, आधी विचारा की ईआरपी करता का, घरी काय करायचं ते लिहून देता का, आणि 'सगळं ठीक आहे ना' असं पेशंटने विसाव्यांदा विचारलं तर घरच्यांनी काय बोलायचं ते शिकवता का. कोणाला विचारायचं हेच कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.