‘माफ झालंय की ओ’: कर्जमाफी आणि लांबवलेला हप्ता

परवा सोलापुरात अशोक चौकातल्या टपरीवर एका टॉवेल कारखानदारानं जुनं पासबुक पुढं सरकवलं. २०२० च्या दिवाळीआधीची एक नोंद, जमा रुपये ४५६. ‘‘कोरोनात सहा महिने माफ केलं म्हणाले, आणि दिले एवढेच. बाकीचे कुठं गेले ओ?’’

मी यंत्रमागवाल्यांच्या वह्या लिहितो. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता ‘माफ’ हा शब्दच डोक्यात जातो. बाकीचे कुठं गेले नाहीत. ते कधी येणारच नव्हते.

घोळ झाला तो वेळेमुळं. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या लागायला लागल्या, आणि २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं हप्ते लांबवण्याची मुभा, म्हणजे मोरेटोरियम, जाहीर केली. आपल्याकडं एक भाऊ पूर्व भागात माग चालवतो, दुसरा सांगोल्याकडं डाळिंब बघतो. एकाच घरात दोन्ही बातम्या आल्या आणि दोन्हींचं नाव ‘माफी’ पडलं.

कर्जमाफी तुम्हाला माहीत आहे. यादीत नाव, आधारचा अंगठा, शासन बँकेला पैसे देतं, थकीत खातं मिटतं. त्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं पीककर्ज होतं, मुद्दल-व्याज मिळून २ लाखांपर्यंत. कर्जमुक्ती म्हणा, कर्जमाफी म्हणा, मी वाद घालणार नाही. मुद्दा एवढाच की तिथं तुमच्याऐवजी दुसरा कुणीतरी पैसे भरतो.

मोरेटोरियममध्ये दुसरा कुणी नसतो. मार्च ते मे आणि नंतर वाढवून ऑगस्टपर्यंत, असे सहा महिने हप्ता नाही भरला तरी खातं थकीत धरायचं नाही, सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागू द्यायचा नाही, एवढंच त्यात होतं. व्याजाचं मीटर मात्र चालूच.

या कारखानदाराचंच बघा. फेब्रुवारीअखेर मागावरचं कर्ज ३ लाख बाकी, दर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. हप्ता ९,९६४ रुपये, उरलेले हप्ते ३६. माग बंद, यानं सहा महिने काही भरलं नाही. पहिल्या महिन्याचं व्याज ३,००० मुद्दलात गेलं. दुसऱ्या महिन्यात ३,०३,००० वर व्याज. ऑगस्टअखेर बाकी झाली ३,१८,४५६. आता तोच हप्ता भरत राहिलं तर ३६ ऐवजी ३८ पूर्ण हप्ते आणि एक अपुरा. हप्ते चुकले सहा, पण कर्ज संपायला जवळजवळ नऊ महिने उशीर. मुदत वाढली ती इथं.

मग ते ४५६ कशाचे? साध्या व्याजानं सहा महिन्यांचे १८,००० झाले असते, चक्रवाढीनं झाले १८,४५६. केंद्र सरकारनं २ कोटींपर्यंतच्या लघुउद्योग, घर, वाहन वगैरे कर्जांना हा वरचा फरक तेवढा दिला, व्याजावरचं व्याज. अठरा हजार तुमच्याच डोक्यावर. हप्ते नियमित भरणाऱ्यालाही हा फरक मिळाला, म्हणजे ते सवलत घेतल्याचं बक्षीस नव्हतं. पुढं २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं: व्याजावर व्याज कुणाकडूनच घेऊ नका, पण सगळं व्याज माफ होणार नाही.

म्हणून माझं मत तेव्हाही हेच होतं. गल्ल्यात पैसे असतील तर हप्ता भरा. ‘सगळे घेतायत म्हणून’ सवलत घेणाऱ्यांशी मी तेव्हा भांडलोय.

बारीकसारीक दोन गोष्टी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्यामुळं तिथं ‘आरबीआयचा आदेश’ दाखवून उपयोग नव्हता. आणि मे २०२० नंतर शिल्लक कर्जाच्या २० टक्के जे हमीचं कर्ज मिळालं, ते अनुदान नव्हे. हमी सरकारनं बँकेला दिली होती, तुम्हाला नाही. त्याला ‘सरकारी पैसा’ म्हणणाऱ्याची वही मी लिहीत नाही.

चहा संपवताना कारखानदार म्हणाला, ‘‘म्हणजे माझं लांबलं. पण भावाचं तरी माफच झालं ना?’’

भावानं पीककर्ज कधी घेतलं, विचारलं. जून २०१९ ला नवं-जुनं केलेलं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं काढलेलं. म्हणजे कर्जमुक्तीच्या ३१ मार्च २०१९ नंतरचं, शिवाय खातं थकीतही नव्हतं. त्याला मिळाली ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत भरायची मुदत आणि वेळेवर भरणाऱ्याची ३ टक्के व्याजसवलत तोवर शाबूत. आणि व्याजावरच्या व्याजाचा फरक मिळालेल्या कर्जांत पीककर्ज नव्हतं, त्यामुळं ४५६ सुद्धा नाहीत.

‘‘मग आमच्या घरात माफ झालं कुणाचं?’’

‘‘कुणाचंच नाही ओ.’’