होड्यांच्या ट्रेलरचा ढाचा सरकता का हवा?

गिरगाव चौपाटीवर शिकणाऱ्या मुलांची ऑप्टिमिस्ट ही शिडाची होडी 2.36 मीटर लांब, मोठ्यांची लेझर 4.2 मीटर. घाटापलीकडच्या तलावावर स्पर्धेला जाताना कधी ही न्यायची, कधी ती. होडीला दोन्ही टोकांपासून साधारण एक-पंचमांश लांबीवर टेकू दिला, तर ती सर्वांत कमी वाकते. म्हणून ट्रेलरवर होडीला टेकू देणाऱ्या दोन चौकटींमधलं अंतर लेझरसाठी अडीच मीटर लागतं आणि ऑप्टिमिस्टसाठी 1.4 मीटर. चौकटी कायमच्या वेल्ड केल्या, तर दोघींपैकी एकीचे हाल ठरलेले.

चौकटींचे खांब 50×50×3 मिमी बॉक्स पाइपचे घ्यावेत. आडव्या दांड्यांच्या टोकांना 60×60×3 च्या बाह्या जोडल्या, की दांड्या खांबांवर वर-खाली सरकतात आणि हव्या त्या उंचीवर आरपार पिन घालून अडकवता येतात. बाहीत चारही बाजूंना 2 मिमी फट उरते. जस्ताचा थर आणि बाहीच्या आतली वेल्डची शिवण यांना तेवढी जागा लागतेच. पण हीच फट रस्त्यात खडखडते आणि पिनेचं गोल भोक महिन्या-दोन महिन्यांत अंडाकृती होतं. त्यामुळे पिनेनं फक्त भार पेलायचा, आणि बाहीवर नट वेल्ड करून त्यातून 12 मिमीचा बोल्ट खांबावर घट्ट आवळायचा.

मुंबईच्या खाऱ्या हवेत नुसता रंग टिकत नाही, गरम जस्तात बुडवूनच घ्यावं. वेल्डिंग आणि सगळी भोकं त्याआधी उरकावीत. प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना वाट ठेवायला विसरू नये. जस्त 450 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. बंद पाइपात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि जवळ माणसं उभी असतात.

लेझर पालथी ठेवून तिचे काठ फोम गुंडाळलेल्या दांड्यांवर टेकवावेत. तळ आणि वरचं कवच तिथेच जोडलेलं असल्यानं काठ सर्वांत मजबूत. पट्टा बरोबर दांडीच्या वरून न्यावा, बेतानंच आवळावा. उन्हात तापलेल्या फायबरग्लासवर अति ताणलेला पट्टा कायमचा खड्डा पाडतो.

आता तोल. तीन लेझर 177 किलो आणि ट्रेलर 250 धरला, तर एकूण 427. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 43 किलो, गाडीच्या हुकावर यायला हवा. ट्रेलर सपाट जागी उभा करून, हुकात अडकणाऱ्या जोडाखाली हुकाच्या उंचीवर घरातला वजनकाटा ठेवला की आकडा कळतो. तो फार कमी असेल, तर बोरघाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. हुकापासून चाकांचा आस 3 मीटरवर असेल, तर तिन्ही होड्या 10 सेंटीमीटर पुढे सरकवल्यावर हुकावर सुमारे 6 किलो वाढतात.

वाशीला पोचल्यावर एकदा थांबून प्रत्येक बोल्ट आणि पट्टा हातानं तपासावा. फोम तोवर दबलेला असतो.